राक्षस राहतात कुठे? आरवलीच्या वेतोबाच्या चपला आणि नॉर्स पुराणांतलं उटगार्ड

सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे निघालं की शिरोडा येण्याच्या थोडं आधी आरवली लागतं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडा, वि. स. खांडेकरांनी १९२० पासून जिथं मास्तरकी केली ते शिरोडा, आणि त्याला लागून जयवंत दळवींचं आरवली. इथल्या श्री देव वेतोबाच्या देवळात जाताना लोक रिवाजाप्रमाणे चपला बाहेर काढून ठेवतात. आत गेल्यावर देवासमोर काय दिसतं? चपलाच. चामड्याच्या, जाड तळाच्या आणि कुठल्याही माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढ्या मोठ्या मापाच्या.

नवस फेडायला आलेली माणसं चपलांचा हा जोड आणि केळ्यांचा घड वेतोबाला वाहतात. गावाची श्रद्धा अशी की वेतोबा रात्री देवळात थांबत नाही. तो चपला पायात सरकवतो आणि गावाच्या सीमेवरून फेरी मारतो. रोजच्या चालण्यानं तळ झिजतात, म्हणून नवा जोड लागतो.

एवढ्या मोठ्या पावलांच्या, माणसाहून थोराड जिवांच्या गोष्टी जगभर आहेत. उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणांत तर त्यांचा वेगळा देशच आहे. पण असे जीव नेमके राहतात कुठे, गावाच्या बाहेर की आत, या प्रश्नाला शिरोड्याच्या पंचक्रोशीनं दिलेलं उत्तर नॉर्वे-आइसलँडच्या कवींच्या उत्तरापेक्षा बरंच वेगळं आहे.

आधी वेतोबा कोण, ते पाहू

वेतोबा म्हणजे वेताळ. 'वेताळ' म्हटलं की बहुतेकांना विक्रमाच्या खांद्यावरचं बोलकं प्रेत आठवतं. अकराव्या शतकात सोमदेवानं 'कथासरित्सागरा'त गुंफलेल्या आणि पुढे 'वेताळपंचविशी' म्हणून मराठीत घरोघर पोचलेल्या त्या गोष्टींमध्ये वेताळाचं घर म्हणजे स्मशानातलं झाड, आणि झाडाला उलटं लटकलेलं मढं. तिथं राहणाऱ्याला भ्यायचं असतं, त्याला चपला शिवून द्यायच्या नसतात.

कोकणातला वेतोबा नावानं त्याच कुळातला, पण स्वभावानं निराळा. आरवलीची मूर्ती सुमारे ९ फूट उंच, उभी, दोन हातांची. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात पात्र. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती. १९९६ साली तिच्या जागी पंचधातूची मूर्ती आली. देवाचं अंग फणसाचं होतं म्हणून या गावात फणसाचं लाकूड दुसऱ्या कामाला वापरत नाहीत, असं सांगतात. कोकणात दारं-खिडक्यांपासून देव्हाऱ्यापर्यंत फणसाच्या फळ्यांना किती मागणी असते हे ठाऊक असलेल्याला या संयमाची किंमत कळेल.

वेतोबाच्या शेजारी देवी सातेरीचं देऊळ आहे. सातेरी ही भूमीची देवता. कोकणात आणि गोव्यात तिची खूण म्हणजे वारूळ, ज्याला तिकडे रोयण म्हणतात. जमीन सातेरीची आणि त्या जमिनीची राखण वेतोबाची, अशी ही वाटणी आहे. म्हणूनच त्याला क्षेत्रपाल म्हणतात.

चपलांबद्दल आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. चामडं देवळाच्या दाराशी थांबतं, हा जवळजवळ सगळीकडचा नियम. चामड्याचं काम करणाऱ्या समाजालाही एके काळी गावानं असंच दाराशी थांबवलं होतं. वेतोबाच्या बाबतीत मात्र चर्मकाराच्या हातचा जोड थेट देवापुढे जातो. बाकीचे देव एका जागी बसून पूजा घेतात, हा पायी हिंडतो, त्यामुळे त्याला चपलेवाचून भागत नाही.

गोव्यात बेताळ, पुण्यात वेताळ

शिरोड्यापासून तेरेखोलची खाडी फार लांब नाही. खाडी ओलांडली की गोवा, आणि तिथं हाच देव 'बेताळ' होतो. काणकोण तालुक्यातल्या लोलयेचा जांभ्या दगडाचा नग्न बेताळ प्रसिद्ध आहे. गोव्यातल्या अनेक बेताळांच्या पोटावर विंचू कोरलेला असतो आणि गळ्यात मुंडक्यांची माळ असते. सासष्टीत तर एका गावाचं नावच बेताळभाटी, म्हणजे बेताळाची भाट, त्याची बागायत. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली. काही देव भक्तांनी फोंड्याकडे नेले आणि बेताळभाटीत पुढे चर्च उभं राहिलं. गावाचं नाव मात्र कुणी बदललं नाही.

घाटावर वेताळाला बहुधा मूर्तीही नसते. शेंदूर फासलेला एक मोठा धोंडा आणि भोवती लहान धोंडे, म्हणजे वेताळ आणि त्याची फौज. जागा टेकडीवरची, वस्तीच्या कडेची. पुण्यातली सर्वांत उंच टेकडी त्याच्याच नावानं ओळखली जाते. २०२३ साली या टेकडीवरून नेण्याच्या रस्त्याविरुद्ध आणि बोगद्यांविरुद्ध पुणेकरांनी मोर्चा काढला. त्यातले बहुतेक जण झाडं, पाणी आणि मोर वाचवायला आले होते, वेताळासाठी नव्हे. पण शहराच्या मध्यात एवढी मोकळी टेकडी कुणाच्या नावानं उरली होती, तेही ध्यानात घ्यायला हवं.

नॉर्स पुराणांतले योटुन

आता उत्तरेकडे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड इथल्या ख्रिस्तपूर्व धर्माच्या कथांना नॉर्स पुराणं म्हणतात. त्यातल्या बऱ्याचशा आपल्यापर्यंत पोचल्या त्या स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या पंडितानं १२२० च्या सुमारास लिहिलेल्या 'एडा'मुळे. या कथांत देवांच्या समोर उभे असतात ते योटुन. इंग्रजीत त्यांना 'जायंट' म्हणतात. मराठीत राक्षस म्हणावं, तर असुर हा शब्द जास्त जवळचा आहे. देव आणि असुर दोघंही जसे कश्यपाची मुलं, तसंच इथंही नातं आहे. देवांचा राजा ओडिन याची आई योटुनांच्या घरची. घण चालवणाऱ्या थोरची आई म्हणजे पृथ्वी, तीही त्याच कुळातली.

नातं असलं तरी राहायचं मात्र लांब. सगळ्यांत पहिला योटुन इमिर. देवांनी त्याला मारलं आणि त्याच्या देहाची सृष्टी केली. मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, कवटीचं आकाश. मग त्याच्याच पापण्यांचं कुंपण घालून माणसांसाठी एक सुरक्षित आवार तयार केलं. त्याचं नाव मिडगार्ड, मधलं आवार. कुंपण कुणापासून? इमिरच्याच वंशजांपासून. त्यांना दिली समुद्राकाठची कडेची जमीन. त्यांच्या मुलखाचं नाव योटुनहाइम आणि त्यांच्या एका गढीचं नाव उटगार्ड, बाहेरचं आवार.

यातलं 'गार्ड' आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. भाषाशास्त्रज्ञ त्याची सांगड संस्कृतातल्या 'गृह' शब्दाशी घालतात, आणि मराठीतलं 'घर'ही याच कुळातलं मानतात. मूळ अर्थ वेढलेली जागा, कुंपणाच्या आतली जागा. घर म्हणजे मुळात कुंपण. मग उटगार्डमध्ये राहणारा कोण, तर ज्याला घराबाहेर काढून कुंपण घातलं तो.

हातमोज्यातली रात्र

उटगार्डची सगळ्यांत गाजलेली गोष्ट थोरच्या प्रवासाची आहे. थोर, लोकी आणि त्यांचा नोकर थ्यालफी पूर्वेकडे योटुनांच्या मुलखात निघतात. जंगलात रात्र पडते. त्यांना एक प्रचंड मोठं घर सापडतं, ज्याचं दार घराच्या रुंदीएवढंच आहे. मध्यरात्री जमीन हादरू लागते, म्हणून ते बाजूच्या एका खोलीत दडून बसतात. उजाडल्यावर कळतं की बाहेर स्क्रीमिर नावाचा योटुन घोरत पडला होता. घर म्हणजे त्याचा हातमोजा, आणि बाजूची खोली म्हणजे मोज्याचा अंगठा.

आरवलीच्या चपला पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच ओळखीची वाटेल. देह दाखवता येत नाही तेव्हा त्याच्या वापरातली एखादी वस्तू दाखवायची, की उरलेलं माप ऐकणारा स्वतःच लावतो.

पुढे उटगार्डची गढी लागते. एवढी उंच, की वरचा काठ पाहायला मान पाठीला टेकवावी लागते. फाटक उघडता येत नाही म्हणून थोर आणि मंडळी गजांच्या फटीतून आत शिरतात. आत त्यांच्या फजितीच्या स्पर्धा होतात. लोकी खाण्यात हरतो, कारण समोर बसलेला माणूस म्हणजे खुद्द आग. थोरला शिंगातली दारू संपवता येत नाही, कारण शिंगाचं दुसरं टोक समुद्रात बुडालेलं. एका म्हातारीशी कुस्ती खेळताना त्याला गुडघा टेकावा लागतो, कारण ती म्हणजे वार्धक्य. हे सगळं कळल्यावर थोर घण उगारतो, तर गढी नाहीशी झालेली आणि समोर नुसतं मोकळं माळरान.

पण शिरोड्याच्या बाजूनं पाहिलं तर दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. देवांच्या अस्गार्डला तट हवा होता. एक अनोळखी गवंडी आला आणि तीन ऋतूंत अभेद्य तट बांधून देतो म्हणाला. मजुरी म्हणून त्यानं फ्रेया ही देवी, सूर्य आणि चंद्र मागितले. देवांनी शब्द दिला, पण एका हिवाळ्यातच काम संपवायची अट घातली. त्याला ते जमणार नाही, अशी त्यांची अटकळ होती. गवंड्यानं आपल्या घोड्याच्या मदतीनं काम जवळजवळ पुरं केलं. तेव्हा लोकीनं घोडीचं रूप घेऊन त्या घोड्याला पळवलं आणि काम अडलं. गवंडी चिडला, त्याचं खरं रूप उघड झालं. तो योटुन होता. थोरनं घणानं त्याचं डोकं फोडलं.

म्हणजे देवांचा किल्ला योटुनानंच बांधलेला, आणि त्याची मजुरी बुडवलेली. नॉर्स कथांचा शेवट ज्या महायुद्धात होतो, त्या राग्नारोकमध्ये योटुन कुंपण ओलांडून आत येतात. जुना कवी त्या गोष्टींच्या मधोमध देवांनी मोडलेल्या शपथांची आठवण करून देतो, हे उगाच नाही.

आइसलँडचा राखणदार

नॉर्स जगातही या नियमाला एक सुंदर अपवाद आहे. आइसलँडच्या लोकांची 'लँडवेट्टिर'वर श्रद्धा होती, म्हणजे भूमीचे रक्षक. त्यांच्या एका जुन्या कायद्याबद्दल असं लिहून ठेवलंय की परदेशातून येणाऱ्या जहाजानं किनारा दिसण्याआधी नाळेवरचं आ वासलेलं ड्रॅगनचं मुंडकं काढून ठेवावं, नाहीतर भूमीचे रक्षक बिथरतील.

स्नोरीच्याच 'हाइम्सक्रिंगला' या राजांच्या इतिहासात गोष्ट येते. डेन्मार्कच्या राजानं आइसलँडची टेहळणी करायला एका जादूगाराला देवमाशाच्या रूपात पाठवलं. तो पूर्व किनाऱ्याला लागला तर ड्रॅगन आडवा आला. उत्तरेला गरुड, पश्चिमेला बैल. दक्षिणेला आला तेव्हा डोंगरांपेक्षा उंच डोक्याचा एक खडक-राक्षस हातात लोखंडी काठी घेऊन किनाऱ्यावर चालत होता. जादूगार माघारी फिरला. हे चौघं आज आइसलँडच्या राजमुद्रेवर आहेत. १ क्रोनाच्या नाण्यावरही तोच राक्षस असतो.

हातात काठी, किनाऱ्यावर गस्त. मालवणी माणसाला याची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. तो म्हणेल, हो तर आमचो राखणदार.

कोकणातले पत्ते

वेतोबा हा मोठा आणि देऊळ असलेला राखणदार. त्याच्या खालोखाल सिंधुदुर्गात आणि गोव्यात शेकडो लहान राखणदार आहेत. कुणाला देवचार म्हणतात, कुणाला नुसतंच 'जागेवालो'. खांद्यावर घोंगडी, हातात दांडा, पायात वाजणाऱ्या वहाणा, असं त्याचं वर्णन ऐकू येतं. रात्री वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत सोडतो, आणि त्याच्या वाटेत घाण केली तर फिरवत ठेवतो, असं जुनी माणसं सांगतात.

त्याचं घर कुठे? वडाच्या बुंध्याशी, व्हाळाच्या काठी, तिठ्यावर, शेताच्या बांधावर, खाडीच्या तोंडाशी, देवराईत. बहुतेक ठिकाणी भिंत नाही, छप्पर नाही. एक दगड, फार तर एक पणती. जवळच रेडीला यशवंतगड आहे. जाड तट, खंदक, बुरूज सगळं असलेला हा किल्ला कधी मराठ्यांकडे, कधी पोर्तुगीजांकडे, शेवटी इंग्रजांकडे गेला. राखणदाराचा दगड ताब्यात घ्यावा असं कुणालाच वाटलं नाही.

या सगळ्यांचे पत्ते लिहिलेले नसतात, ते गाऱ्हाण्यात असतात. शुभकार्याआधी किंवा अडचणीच्या वेळी गावचा मानकरी 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात करतो. ग्रामदेवता, मग सीमेवरचे, वाटेवरचे, पाण्यातले असे एकेक ठिकाण घेत जातो, आणि जमलेले लोक प्रत्येक मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लक्ष देऊन ऐकलं तर गाऱ्हाणं म्हणजे गावाचा नकाशाच असतो.

आणि मजुरी? ती दर वर्षी ठरलेली. 'राखण द्यायची' असा शब्दच आहे. तांदळाचा रोट, नारळ, कुठे कोंबडा, कुठे विडी आणि सोरो. वेतोबाला केळी आणि चपला. अस्गार्डच्या गवंड्यासारखी इथं कुणाची मजुरी बुडवायची सोय नाही. राखण चुकली तर वर्ष वाईट जातं, असं मानणारी घरं आजही आहेत.

घाटावरही हारलेल्या असुराला अशी जागा दिल्याची उदाहरणं आहेत. कोल्हासुरानं मरताना गावाला आपलं नाव मागून घेतलं आणि ते कोल्हापूर झालं, अशी करवीर माहात्म्यातली कथा. मल्हारी माहात्म्यातल्या मणीनं खंडोबाजवळ जागा मागितली, ती त्याला मिळाली. लोणारच्या लवणासुराला मात्र काही मिळालं नाही. तो जमिनीखालच्या विवरात दडून राहायचा. विष्णूनं वरचं झाकण उडवून त्याला मारलं, आणि त्याच्या रक्तामुळे तिथलं पाणी खारं झालं म्हणतात. विज्ञानाच्या भाषेत ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं उल्काविवर आहे.

कोकणात तर दशावतारी नाटकाच्या सुरुवातीला येणारा संकासुर हा वेद चोरणारा असुर असूनही लोकांचा लाडका. काळा वेष, उंच टोपी, आणि बोलतो अस्सल मालवणी. देव प्रमाण मराठीत बोलतात आणि असुर गावच्या बोलीत, यात काय ते आलं.

सातबाऱ्यावर नाव नाही

नॉर्वेतही योटुनहाइमेन नावाचा डोंगराळ प्रदेश खरोखर आहे. २४६९ मीटर उंचीचं गाल्डहोपिगेन हे देशातलं सर्वोच्च शिखर तिथलंच. पण ते नाव फार जुनं नाही. १८६२ साली ओस्मुंड ओलाव्सोन विन्ये या लेखकानं ते रूढ केलं. तोवर योटुन पुस्तकांत गेले होते, आणि आज तिथं गिर्यारोहक जातात.

शिरोड्याच्या पट्ट्यातल्या राखणदारांचा प्रश्न वेगळा आहे, कारण ते अजून कामावर आहेत. आणि त्यांना फिरायला सीमा लागते. देवस्थान इनामाच्या जमिनी असल्या तर मोठ्या देवांची नावं कागदावर सापडतात. बांधावरच्या दगडाचं, तिठ्यावरच्या वडाचं नाव सातबाऱ्यावर बहुधा नसतं. सडा विकला जातो, काजूची बाग बाहेरचा माणूस घेतो, समुद्राकडेला बंगला किंवा रिसॉर्ट उभं राहतं, रस्ता रुंद होतो. खरेदीखतात झाडं मोजली जातात, विहीर मोजली जाते. राखणदार मोजला जात नाही.

त्यामुळे एक दृश्य कोकणात हल्ली पुन्हा पुन्हा दिसतं. मुंबई-पुण्याहून किंवा गोव्याहून आलेला नवा मालक जागेवर उभा असतो, जेसीबी आलेला असतो, आणि गावातले कामगार काम सुरू करायला तयार नसतात. 'जागेवाल्याक नारळ देवक् व्हयो,' एवढंच सांगतात. मालक विचारतो, कुणाला, कुठे? मग शेजारच्या घरातलं कुणीतरी म्हातारं माणूस येतं, गवत बाजूला करून एक दगड दाखवतं आणि गाऱ्हाण्याला सुरुवात करतं. नव्या मालकाचं नाव, त्याचं गाव, त्यानं काय बांधायचं ठरवलंय, हे सगळं त्या दगडाला सांगितलं जातं. नारळ फुटतो. मग जेसीबी दगड सोडून बाकीची जागा खणायला घेतो.